जेनीची गादी

जेनी बसली तेव्हा मी बशीतला चहा तोंडाला लावत होतो. बशी तशीच सोप्याच्या कठड्यावर ठेवली आणि डाव्या हातानं बायकोला मागं सारलं.

"शालन, मागं हो. हात लावू नगंस त्येला."

"आवो, गादी हाय ती," शालन म्हणाली. "रेश्मानं धाडलेली. आत्ता तुम्हीच खोकं फोडलासा की."

खोकं मीच फोडलं होतं, त्यातली गादीही मीच झटकून भिंतीकडेला मांडली होती. तरी हात पुढं झाला तो झालाच. नऊ वर्षं ज्या सवयीवर आपला जीव टांगलेला असतो, ती दीड महिन्यात अंगातून जात नाही. जेनी एखाद्या वस्तूसमोर बसली की ती वस्तू धोक्याची, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं.

बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याला भुंकायची परवानगी नसते. पंजा मारायचा नाही, तोंड लावायचं नाही. वास सापडला की वस्तूसमोर गप बसायचं आणि हँडलरकडे बघायचं. मग हँडलर खिशातला चेंडू देतो, शाबासकी देतो. कुत्र्याच्या लेखी सगळी नोकरी त्या चेंडूसाठी असते. जेनीचा हँडलर मी, पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला हवालदार हणमंत लवटे. जेनी म्हणजे काळी कुळकुळीत डॉबरमन, छातीवर आणि भुवयांवर तांबूस ठिपके. आम्ही दोघं एकाच दिवशी रिटायर झालो. मला शाल-नारळ मिळाला, तिला झेंडूचा हार. माझं भाषण चालू असताना तिनं तो हार खाऊन टाकला, आणि खरं सांगायचं तर भाषण त्याच लायकीचं होतं. कागदपत्रं करून मी तिला तासगावला घरी आणलं. चेंडू ट्रंकेत टाकून कुलूप लावलं, कारण रिटायर कुत्र्याला चेंडू दिसला की ते पुन्हा ड्युटीवर चढतं. टेम्पोत तिच्या कानाशी मी म्हणालो होतो, "लई जागलीस बाई. आता नुसतं झोपायचं. दुसरं काम न्हाई."

ही गोष्ट त्या पहिल्याच हिवाळ्यातली, आठ वर्षांपूर्वीची.

गादीचा घोळ सुरू झाला खोकल्यावरून. डिसेंबर लागला आणि जेनी सकाळी सकाळी खोकायला लागली. मोठा खोकला नव्हे. घशात काही अडकल्यासारखं दोनदा करायची आणि गप व्हायची. "फरशीचा गारठा बाधतोय तिला," शालन म्हणाली. जेनी सोप्यावर एका पोत्यावर असायची. पोत्याच्या जागी गादी आणावी यावर आमचं एकमत झालं, आणि एकमत तिथंच संपलं.

रेश्मा, आमची लेक, पुण्यात नोकरीला. ती फोनवर म्हणाली, "पप्पा, झाकलेलाच बेड घ्यायचा. वर छप्पर आणि पुढं एक तोंड, गुहेसारखा. कुत्र्याला त्यात सेफ वाटतं. थंडीपण लागत नाही."

"तिला कशाला सेफ वाटायला पायजे? तिच्या जिवावर आमदार-खासदार सेफ हुते."

"पप्पा, ती म्हातारी झालीय आता."

"म्हातारी तुझी आई झालीय. जेनी धा वर्षांची हाय."

शालननं माझ्या हातून फोन काढून घेतला आणि पुढचा अर्धा तास दोघी माझ्याबद्दल बोलल्या.

माझं म्हणणं साधं होतं. कुत्र्याला उघडीच गादी पाहिजे. माझा बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने फिरायचा. त्याची कुत्री मेंढरांच्या जाळीबाहेर, उघड्या माळावर झोपायची, चारी दिशा नाकाखाली ठेवून. जेनीही नऊ वर्षं जाळीच्या खोलीत फळीवर झोपली. डोळा उघडला की समोर सगळं मैदान. असल्या जनावराला कापडाच्या बोळात कोंबायचं म्हणजे माझ्या मते अपमान होता. मी हे सगळं शालनला नीट समजावून सांगितलं.

"तुमच्या बाची कुत्री खोकत हुती का?" तिनं विचारलं.

रेश्मानं आमच्या दोघांनाही न विचारता पार्सल धाडून दिलं.

आणि आता त्या पार्सलसमोर जेनी बसली होती. पुढचे पाय ताठ, कोपरं जरा बाहेर काढलेली, मान लांबवलेली आणि नजर माझ्यावर. गादी दिसायला झोकात होती. राखाडी रंग, वर घुमट, पुढं अर्धगोल तोंड, आत लोकरीसारखं मऊ अस्तर. शालननं भाकरीचा तुकडा तूप लावून आत टाकला. जेनीनं तुकड्याकडं पाहिलंही नाही.

"आत जा की गं बाई," शालन म्हणाली. "आमच्यापरास चांगलं घर मिळालंय तुला."

मी गुडघ्यावर बसलो आणि त्या घुमटात डोकं घातलं. नव्या फोमचा, डिंकाचा आणि आणखी कशाचा तरी उग्र वास होता.

"शालन, कायतरी हाय ह्यात."

"काय असणार हाय?"

"कुठं बनवलंय, कुठल्या गोदामात पडून हुतं, कुणाला ठावं. ही उगं बसायची न्हाई."

आज हे सांगताना हसू यावं, पण तेव्हा मी चेष्टा करत नव्हतो. नऊ वर्षांत जेनी एकदाही खोटी बसली नव्हती. एकदा आठवडी बाजारात ती एका वांग्यांच्या पोत्यासमोर बसली. बाजार हसला, आमचे साहेब हसले, "कुत्र्याला भरीत पाहिजे का लवटे," म्हणाले. मी पोतं रिकामं करायला लावलं. वांग्यांच्या खाली खाणीतून चोरलेल्या जिलेटिनच्या कांड्या निघाल्या. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत आलो होतो की मी चुकेन, जेनी चुकायची नाही.

स्वयंपाकघरातून सुरी आणली, गादी अंगणात उन्हात नेली आणि शिवण उसवायला घेतली. आधी घुमट, मग अस्तर, मग तळ. फोमच्या पट्ट्या ओळीनं मांडल्या, पथकात मांडायचो तशा. शेजारची मंडळी कुंपणाशी येऊन उभी राहिली. शालन डोक्याला हात लावून पायरीवर बसली होती.

"नवी कोरी वस्तू," ती म्हणत होती. "पोरीनं हौसेनं धाडली."

एकेक पट्टी मी जेनीच्या नाकाशी नेली. "सर्च," म्हणालो. तिनं हुंगलं नाही. माझ्या मागोमाग ती अंगणात आली होती आणि पट्ट्यांच्या ओळीसमोर बसली होती. नजर पट्ट्यांवर नव्हतीच. ती माझ्याकडं बघत होती.

गादीत काही नव्हतं. एक धुवायच्या सूचनांची चिठ्ठी निघाली, बस.

कुत्रं खोटं बसलं तर पथकात एक पद्धत असते. पट्टा हलका ओढायचा, 'नो' म्हणायचं आणि चेंडू द्यायचा नाही. नाहीतर कुत्रं चेंडूच्या लोभानं कुठंही बसायला लागतं. जेनीवर ही वेळ मला कधी आणावी लागली नव्हती. त्या दुपारी आणली. शेजारी बघत होते, हेही एक होतं.

"नो, जेनी," मी म्हणालो आणि पट्टा ओढला.

ती उठली. कान मागं पडले. चार पावलं चालून थांबली, दम खाल्ला, वळली आणि परत माझ्याकडं तोंड करून बसली. मी पुन्हा पट्टा ओढला. ती पुन्हा उठली आणि पुन्हा बसली.

"नाक गेलं हिचं," मी शालनला म्हणालो. "वय झालं."

रेश्माला हे कळायला संध्याकाळही लागली नाही.

"पप्पा, तुम्ही बेड फाडला?"

"तपासला."

"काय होतं आत?"

"चिठ्ठी."

ती आधी हसली. मग "तिला ऊब मिळावी म्हणून पाठवला होता हो," म्हणाली. "जाऊ दे. उघडी गादी आणा. तुमचंच खरं."

वाद मी जिंकला होता. जिंकल्याचा आनंदही झाला, तो मी कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदाफ चाचांकडं गेलो. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं गाद्यांचं दुकान. आमच्या लग्नातली गादी त्यांनीच भरून दिलेली. चाचा कापसात बसलेले, भुवयांवरही कापूस. कुत्र्याला गादी म्हटल्यावर हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

"सांगा हवालदार, माप."

"तीन फूट बाय दोन."

"हे उभ्या कुत्र्याचं माप झालं. उभ्याच्या मापावर गादी व्हत न्हाई. झोपती कशी?"

"म्हंजे?"

"मुटकुळं करून झोपती का पाय ताणून? मुटकुळं करणाऱ्याला गोल गादी लागती, कडंनं लोड. पाठ टेकती त्येला, बरं वाटतंय. ताणून झोपणाऱ्याला कडा नडती. त्येला सपाट पायजे आन लांब पायजे. माणसाचं बी तसंच अस्तंय."

फळीवरची जेनी मला आठवत होती, एका कुशीवर आडवी, चारी पाय ताणलेले, स्वप्नात पंजे हलवणारी. पण ती पथकातली. घरी? रोज सकाळी मी सोप्याचं दार उघडायचो तेव्हा ती बसलेली असायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. ड्युटीचं कुत्रं मालकाच्या आधी उठतं, असं मी गल्लीभर सांगत होतो. दुपारी जेवून हात धुवायला यायचो तेव्हाही बसलेली. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळीही बसलेली. आडवी झालेली मी तिला शेवटची कधी बघितली होती, ते काही केल्या आठवेना.

"ठावं न्हाई, चाचा," एवढंच म्हणायचं होतं. पण कुत्र्याची नस न् नस ओळखतो म्हणून ज्यानं नऊ वर्षं मिरवलं, त्याच्या तोंडून ते निघालं नाही.

"ताणून," मी म्हणालो.

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "घरी जाऊन एकदा बघून या. मला घाई न्हाई."

"बघायचं काय त्यात? नऊ वर्षं माझ्यासंगं हाय ती."

"मग ताणून," चाचा म्हणाले आणि भिंतीवर पेन्सिलीनं चार फूट लिहिलं. "चार दिवसांनी या."

त्या चार दिवसांत मला बघता आलं असतं. शालन बघत होती.

"रेश्माचे पप्पा, ती झोपत न्हाई ओ," ती पहिल्या सकाळी म्हणाली. "मी दोनदा उठले पाण्याला. दोन्ही खेपंला बसलेली."

"कुत्र्याची झोप सावध अस्ती."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बसल्या बसल्या डुलकी घेती. नाक फरशीला टेकलं की दचकून वर येती. काल सगळी दुपार भिंतीला डोकं लावून बसली हुती."

"फरशी गार लागती. गादी येऊ दे."

"खाल्लं बी न्हाई."

"गादी येऊ दे, शालन."

कशालाही माझं हेच उत्तर होतं. मला दुसरं काही नको होतं हो. तिनं एकदा आडवं व्हावं, डोळे मिटावेत, घोरावं, एवढंच मागणं होतं. त्यासाठी काय लागतं ते मला कळलेलं होतं. उघडी गादी लागते, चार फुटांची.

गादी आली ती फारच देखणी. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड, सपाट, हाताखाली दबेल एवढीच मऊ. चाचांनी चारी कोपऱ्यांना दोऱ्याची फुलं घातली होती, लेकीच्या गादीला घालतात तशी. मी ती सोप्यावर उन्हाच्या पट्ट्यात अंथरली. जेनी आली. पुढचा पाय ठेवून तिनं अंदाज घेतला आणि चारी पायांनी वर चढली.

"चढली गं बया," शालन म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

जेनी एकदा गोल फिरली. पुढचे पाय वाकवले. छाती गादीला लागली आणि चटका बसल्यासारखी ती वर आली. दोनदा खोकली. आणि गादीच्या मधोमध बसली, कोपरं बाहेर, मान लांब. नजर माझ्यावर.

माझं डोकं फिरलं. झाकलेली दिली तरी बसते, उघडी दिली तरी बसते. हिला पाहिजे तरी काय? लाडानं होत नाही ते हुकमानं होईल, असं मला वाटलं. मी समोर उभा राहिलो आणि पथकातल्या आवाजात म्हणालो, "जेनी, डाऊन."

ती आडवी झाली.

तिनं माझा हुकूम कधीच मोडला नव्हता, तेव्हाही मोडला नाही. एका कुशीवर पडली. बरगड्या भात्यासारख्या हलायला लागल्या. तोंड उघडं पडलं. एवढ्या थंडीत जीभ बाहेर आली आणि बघता बघता गुलाबीची जांभळट झाली. पाय ताणून ती हवा ओढत होती आणि हवा आत जात नव्हती. पण ती उठली नाही, कारण उठायचा हुकूम नव्हता. डोळे माझ्यावर लावून ती पुढच्या शब्दाची वाट बघत होती.

"उठवा तिला," शालन म्हणाली.

"थांब. सवय व्हायला वेळ लागतोय."

"उठवा ओ. जीव जातोय तिचा."

मी बघत राहिलो. किती वेळ ते मला आजही सांगता येत नाही. शालन म्हणते अर्धं मिनिट. मग माझ्या तोंडून कसंबसं 'अप' निघालं. जेनी धडपडत बसती झाली, कोपरं बाहेर काढली आणि तिला श्वास आला.

तेव्हा मला कळलं. डॉक्टरनं सांगायच्या आधी कळलं. फक्त नाव कळायचं होतं.

रिक्षा करून सांगलीला नेली. वाटभर ती माझ्या दोन गुडघ्यांमध्ये बसली होती, हनुवटी माझ्या मांडीवर ठेवून. डॉक्टर चौगुले मॅडम वयानं रेश्माएवढ्याच. त्यांनी नळी लावली, एक्स-रे काढला, फिल्म उजेडात धरली.

"हृदय खूप मोठं झालंय काका. या जातीत होतं असं. फुफ्फुसात पाणी भरलंय."

"खोकला त्याचाच?"

"त्याचाच. आडवं झालं की श्वास घेता येत नाही, म्हणून बसून राहते. कोपरं बाहेर काढते ना, ती छातीला जागा व्हावी म्हणून. किती दिवसांपासून बसतेय?"

मी शालनकडं पाहिलं. "दोन आठवडे," ती म्हणाली. "जास्तच."

"म्हणजे दोन आठवडे ती झोपली नाहीये," मॅडम म्हणाल्या. त्यांचा सूर दोष द्यायचा नव्हता. कागदावर लिहिता लिहिता बोलल्या.

"आधी आणली असती तर?" मी विचारलं.

"औषधांवर काही महिने निघाले असते. एखाद्या वेळेस वर्ष."

"आता?"

त्या बाईंना अजून खोटं बोलायची सवय झालेली नव्हती. त्यांनी सुई भरली आणि जेनीच्या पायाची शीर शोधायला लागल्या. "पाणी उतरायचं इंजेक्शन देते. थोडा वेळ तरी बरं वाटेल. इथं ऑक्सिजनवर ठेवता येईल, पण परक्या जागी जीव आणखी घाबरतो. घरी न्या. मिनिटाला श्वास किती पडतात ते मोजत राहा."

"मी तिला आडवं केलं, मॅडम," मी म्हणालो. "हुकूम दिला."

त्यांनी कापसाचा बोळा दाबून धरला आणि माझा अंगठा त्यावर ठेवला.

निघताना शालननं विचारलं, "डॉक्टरीणबाई, तिला झाकलेली गादी द्यावी का उघडी?"

"उघडी," मॅडम म्हणाल्या. "मोकळी हवा लागू दे."

तिथंही माझंच खरं झालं.

घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. इंजेक्शननं तिला चार-पाचदा लघवीला झाली आणि खरोखरच श्वास जरा हलका झाला. साठावरून पन्नासावर आला. शालननं गादी अंगणात, तुळशीच्या बाजूला नेऊन टाकली. जेनी पायऱ्या उतरून आली, गादीच्या पुढ्यात थांबली आणि बसली. माझ्याकडं बघायला लागली.

मी आत गेलो आणि ट्रंकेचं कुलूप काढलं. चेंडू शालीत गुंडाळलेला होता. लाल रबराचा, तिच्या दातांनी खडबडीत झालेला. तो मुठीत घेऊन मी अंगणात आलो आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसलो. गेले दोन आठवडे ती नियमानं वागत होती. सापडलं की गप बसायचं, भुंकायचं नाही आणि हँडलरकडं बघायचं. हँडलर फोममध्ये शोधत बसला होता. वर तिलाच नो म्हणाला, तेही चारचौघांत.

"शाब्बास, जेनी," मी म्हणालो. "सापडलं. बरोबर हुतीस तू. मला दिसलं न्हाई."

चेंडू पुढं धरला. तिनं तो दातांत अलगद घेतला. पूर्वी चेंडू मिळाला की सगळं मैदान डोक्यावर घ्यायची. आता तो तोंडात धरून नुसती शेपटीचा तुकडा हलवत राहिली. मग गादीवर चढली. पुढचे पाय वाकवले, थांबली, अंदाज घेतला. छाती टेकवली. मी आणि शालन दोघंही श्वास धरून होतो. ती हळूहळू कुशीवर कलंडली आणि चारी पाय लांब केले. चेंडू तोंडातून सुटून गादीच्या कडेला लागला. डोळे मिटले आणि थोड्या वेळानं ती बारीक घोरायला लागली.

मी मोजत राहिलो. दुसरं हातात काही नव्हतंच. शालननं माझ्या अंगावर घोंगडं टाकलं, जेनीच्या अंगावर शाल टाकली, ती सत्काराचीच. पंचेचाळीस. पन्नास. चव्वेचाळीस. मधेच एकदा तिचे पंजे हलले. पहाटेपासून आकडा परत वाढायला लागला आणि मी काहीही करू शकत नव्हतो. मॅडमना फोन केला, त्यांनी सोबत दिलेल्यातली एक गोळी सांगितली, ती जिभेखाली ठेवली. सत्तर. मग मोजता येईना. सकाळी उन्हं तुळशीवर आली तेव्हा मोजायचं संपलं होतं. ती उठून बसली नाही. आडवीच होती.

रेश्मा दुपारच्या गाडीनं आली. उसवलेल्या बेडच्या फोमच्या पट्ट्या शालननं एका पोत्यात भरून ठेवल्या होत्या. रेश्मानं त्या खड्ड्यात तळाला अंथरल्या, वरून घुमटाचं कापड टाकलं. मी अडवलं नाही. चाचांची गादी मात्र जेनीच्या खालीच राहू दिली. खड्डा त्या मापाचा काढायला लागला.

आठवड्यानं नदाफ चाचा बाजारात भेटले. त्यांना काही कळलेलं नव्हतं. हातात भाजीची पिशवी, भुवयांवर तसाच कापूस.

"काय हवालदार, गादीची लांबी पुरली न्हवं?"

"पुरली," मी म्हणालो. "ताणूनच झोपली."

"मग. तुम्ही म्हटलाच हुता," चाचा म्हणाले. "मीच उगं बघून या म्हणालो. नऊ वर्षं संगं ऱ्हायलेल्या माणसाला ठावं असणारच की."